पूर्वेच्या खोलीवरची फांदी

मंगळवार, ४ मार्च. सकाळपासून वारा. पाण्याची टाकी धुऊन घेतली. वन्संना भूक नव्हती, सूप दोनदा गरम केले. उद्यान विभागाचा माणूस शिरीषाच्या बुंध्यावर सूचना चिकटवून गेला. खळ कमी लावली आहे, एक कोपरा फडफडतो. सूचनेत चार चुका. संध्याकाळी पत्र लिहून टाकले.

हे पत्र लिहून टाकणाऱ्या बाईला गल्लीत सगळे हेडबाई म्हणत. तिने आयुष्यात एकही वर्ग घेतला नव्हता. पण लहानपणी सिस्टरांच्या शाळेत तिला समास सोडायला, शाई न सांडायला आणि दुसऱ्याची चूक दिसली की हात वर करायला शिकवले होते. पहिल्या दोन गोष्टींचा पुढे फारसा उपयोग झाला नाही. तिसरीची मात्र सवय जडली. दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, शोकसभेचे निमंत्रण, काही म्हणून तिच्या तावडीतून सुटत नसे. मी तिला इतक्या जवळून ओळखते की तिची बाजू घेणे मला शक्य नाही.

नवरा गेल्यापासून घरात दोघीच होत्या. ती आणि तिची थोरली नणंद, वन्सं. वन्संनी लग्न केले नव्हते. नोकरीची सगळी वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत, कानाला यंत्र लावून लोकांच्या लाइनी जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: सकाळचे ऊन येईल अशी खोली. भावाने लगेच मागच्या अंगाची खोली झाडून दिली आणि म्हणाला, "ताई, ही पूर्वेची खोली तुझी." हेडबाईने त्याच संध्याकाळी डायरीत लिहिले, 'पूर्वेची खोली वन्संना दिली.' तेव्हापासून ती पूर्वेची खोली.

त्या खोलीच्या छपरावर शिरीषाची एक जाडजूड फांदी आडवी झाली होती. झाड घराहून जुने. कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा वाऱ्यावर अशा खुळखुळत की वन्सं म्हणत, "पुन्हा सगळ्या लाइनी एकदम वाजायला लागल्या." गेल्या वर्षी फांदीच्या बगलेत चीर दिसली. यंदा त्या चिरेत हाताची बोटे जाऊ लागली. खाली छप्पर, छपराखाली वन्संची खाट, खाटेवर वन्सं.

झाडे छाटणारा आला, वर बघून त्याने मान हलवली आणि दोरी परत खांद्यावर टाकली.

"बाई, ही यंदाचा वारा काही काढायची नाही."

"मग उतरवा की."

"हे झाड कायद्यातलं आहे. कागद आणा, मी दुसऱ्या दिवशी येतो. मागे एकांचं ऐकून अशीच फांदी उतरवली होती. ते राहिले बाजूला, ऑफिसच्या पायऱ्या मी झिजवल्या."

तेव्हा हेडबाईने अर्ज केला. अर्जासोबत झाडाचा इतिहास जोडला, फांदीचे चित्र काढून जोडले, आणि चित्रात कोणती रेघ काय दाखवते त्याची सूचीही जोडली. उद्यान विभागाच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीने तो गठ्ठा हातावर तोलून पाहिला.

"आजी, दोन ओळी पुरे होत्या."

"दोन ओळींत गैरसमज होतो," हेडबाई म्हणाली.

निरीक्षक येऊन गेला. त्याने बुंध्याला टेप लावली, मोबाइल हातात धरून झाडाभोवती एक फेरी मारली, चीर पाहिली आणि म्हणाला की फांदी काढायला हवी, शंकाच नाही. आता आठवडाभर झाडावर जाहीर सूचना लागेल, कोणाची हरकत आली नाही की लगेच परवानगी. शेजाऱ्यांची हरकत नव्हतीच. त्यांच्या पत्र्यावर त्या शेंगा रोज पडत. हे काम म्हणजे आता पोस्टात टाकलेले पाकीट, असे म्हणायला हरकत नव्हती.

आणि मग सूचना लागली, आणि हेडबाई चष्मा लावून ती वाचायला गेली.

सूचनेत घराला 'जीर्ण' म्हटले होते. दोन वर्षांपूर्वीच रंग दिलेला. अर्जदाराला 'एकाकी' म्हटले होते. मग वन्सं कोण? झाड 'रस्त्यालगत' होते म्हणे. मधे अख्खे परस. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, तिने अर्जात स्वच्छ अक्षरात 'पूर्वेकडील फांदी' लिहिलेले असताना सूचनेत 'उत्तरेकडील फांदी' असे छापले होते.

वन्सं खिडकीतून पाहत होत्या. "काय झालं? कपाळाला आठ्या पडल्यात."

"दिशासुद्धा धड लिहिता येत नाही या लोकांना."

वन्सं काहीतरी बोलणार होत्या. मग म्हणाल्या, "असू दे गं. फांदी कापतायत ना? नावं ठेवायची ती नंतर ठेव."

पण असू देणे हेडबाईला जमले असते तर ती हेडबाई कशाला झाली असती? तिने रात्रीच्या जेवणाआधी पत्र लिहिले. विषय: जाहीर सूचनेतील त्रुटींबाबत. दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिले, पोच घेतली, आणि घरी येताना आपण समाजाचे काहीतरी भले केले अशा चालीने आली.

आठवडा संपल्यावर ती परवानगी आणायला गेली. खिडकीवरच्या मुलीने फाइल उघडली आणि जरा वेळ तिच्याकडे बघतच राहिली.

"आजी, यावर हरकत आली आहे."

हेडबाईचे कान तापले. "कोणी घेतली? मला त्यांचं नाव हवंय."

"तुम्ही."

"मी अर्जदार आहे."

"हो. आणि हरकतदारही तुम्हीच. मुदतीत आलेलं कुठलंही पत्र आम्ही हरकत म्हणूनच धरतो. आता सुनावणी होईल. दोन्ही पक्षांना नोटीस येईल."

"अहो, पण दोन्ही पक्ष मीच."

"म्हणून दोन नोटिसा येतील," मुलगी म्हणाली. तिचा तरी काय दोष.

त्या खरोखरच आल्या. पोस्टमनने दोन सह्या घेतल्या आणि जाताना म्हणाला, "दोघींना एकाच वेळेला बोलावलंय. जाताना भांडू नका म्हणजे झालं." वन्सं खाटेवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि हेडबाईला पाणी घेऊन धावावे लागले. पाणी देतानासुद्धा तिचा चेहरा असा होता की वन्सं पुन्हा हसल्या.

सुनावणीपर्यंतचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. वारा वाढत चालला होता. दुपारी तो उठला की फांदी करकरे आणि हेडबाई हातातले काम टाकून मागे धावे. एकदा फांदीवरचे एक वाळके लाकूड निसटून छपरावर पडले आणि बरोबर वन्संच्या उशाकडचे कौल फुटले. उशीवर मातीचा चुरा. वन्सं त्या वेळी न्हाणीघरात होत्या, एवढेच नशीब.

"वन्सं, आजपासून तुम्ही पुढच्या खोलीत झोपायचं."

"मी कुठे जात नाही."

"हट्ट करू नका. माझ्यामुळे हे लांबलंय, मला कळतंय ते."

"तुझ्यामुळे लांबलंय आणि मी खोली सोडली म्हणून थांबलंय, असं नको व्हायला," वन्सं म्हणाल्या. "माझ्या भावाने दिलेली खोली आहे ही. खाट हवी तर भिंतीकडे सरकव."

हेडबाईने खाट भिंतीकडे सरकवली. तिथून आभाळ दिसत नव्हते, फांदीही दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. त्या आठवड्यात तिने पाहिले की जाहीर सूचनेचा सुटलेला कोपरा आता पार फाटला आहे. तिला दुरुस्त करायचे होते ते सगळे शब्द वाऱ्याने नेले होते. त्यावाचून कोणाचेही काही बिघडले नव्हते.

सुनावणीच्या दिवशी वन्सं म्हणाल्या, मी येणार. काठी, शाल, पाण्याची बाटली घेऊन त्या गाडीत बसल्यासुद्धा. वृक्ष अधिकाऱ्याच्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. शिपाई सवयीने म्हणाला, "अर्जदार इकडे, हरकतदार तिकडे." हेडबाई अर्जदाराच्या खुर्चीत बसली. दुसऱ्या खुर्चीत पर्स ठेवणार तेवढ्यात वन्सं तिथे टेकल्या. "कुणीतरी तुझ्या विरुद्ध बसायला हवं," त्या म्हणाल्या.

अधिकारी पोक्त, थकलेला माणूस होता. त्याने हरकतीचे पत्र मोठ्याने वाचायला घेतले. 'सदर सूचना वाचून मला खेद झाला' इथून ते सुरू होत होते. हेडबाईला आपले अक्षर नेहमीच आवडत आले होते, पण तेच शब्द परक्या आवाजात ऐकताना तिला वाटले, काय ही भांडकुदळ बाई आहे. हिच्या शेजारी कोण राहत असेल बिचारे.

"घराचा रंग, एकाकीपणा आणि रस्ता, हे तीन मुद्दे मान्य," अधिकारी म्हणाला. "आता चौथा. हरकतदारांचं म्हणणं आहे की फांदी पूर्वेची आहे."

"हो," हेडबाई म्हणाली.

"अर्जदारांचं काय म्हणणं?"

"तेच."

"म्हणजे तुम्हा दोघींचं एकमत आहे. भांडण आमच्या निरीक्षकाशी आहे." त्याने पान उलटले. "ते म्हणतात, चिरलेली फांदी उत्तरेची. पूर्वेची फांदी त्यांच्या नोंदीत निरोगी आहे, तिला हात लावायची परवानगी मी देऊ शकत नाही. तुम्ही पूर्वेवर ठाम असाल तर पुन्हा पाहणी लावतो. पुढची तारीख महिन्याभराने."

शहाण्या बाईने इथे काय करावे हे खिडकीवरच्या मुलीलाही सांगता आले असते. हेडबाईने चष्मा नाकावर नीट बसवला. अठ्ठावीस वर्षे ती त्या खोलीला पूर्वेची म्हणत होती, लिहीत होती. हा तत्त्वाचा प्रश्न होता. "साहेब," ती म्हणाली, "माझं म्हणणं असं आहे की..."

"उत्तर आहे," हरकतदाराच्या खुर्चीतून वन्सं म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मी त्या खोलीत राहते. ती उत्तरेची खोली आहे. पूर्वेला आमचं न्हाणीघर आहे. साहेब, तुमचे निरीक्षक बरोबर आहेत, फांदी उत्तरेची लिहा आणि सही करा. मला माझी खाट परत खिडकीशी हवी आहे."

सकाळचे ऊन न्हाणीघराच्या फरशीवर पडते, बादलीत चमकते, हे हेडबाईने डायरीत कितीदा तरी लिहिले होते. खोली पूर्वेची हेही लिहिले होते. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचे तेवढे तिला सुचले नव्हते. शाळेत नकाशावर उत्तर नेहमी वर असे. घरात वर छप्पर होते, त्यामुळे हा विषय तिने तिथेच सोडला असावा.

"हरकतदार काय करणार?" अधिकाऱ्याने विचारले.

"मागे घेते," हेडबाई म्हणाली. आवाज जरा बारीक निघाला.

तिने हरकत मागे घेतल्याचे लिहून दिले, हरकतदार म्हणून सही केली, आणि ते वाचून समजल्याची अर्जदार म्हणूनही सही केली. या वेळी तिने दोनच ओळी लिहिल्या. खिडकीवरच्या मुलीने परवानगीवर शिक्का मारला आणि म्हणाली, "आजी, एकदा वाचून बघा, काही चूक असेल तर." हेडबाईने कागदाची न वाचता घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

घरी येताना गाडीत हेडबाई वन्संकडे वळली.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारले.

"पहिल्याच सकाळी. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं म्हणून सूर्य कुठे उगवतो ते विसरले नव्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुमच्या घरात पूर्वेला खोली होतीच कुठे? मला नाही म्हणायला नको म्हणून त्याने दिशा फिरवली. चहा घेऊन यायचा रोज आणि दारातून विचारायचा, ताई, ऊन आलं का? मी म्हणायचे, आलं." वन्संनी काठी गुडघ्यांमध्ये नीट धरली. "शेवटपर्यंत विचारत होता. आणि तू लिहून ठेवलेलंस. तुझं लिहिलेलं खोडायला लावायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागला असता."

नवऱ्याने आपल्याला कधी फसवले नाही असे हेडबाईला ठामपणे वाटत आले होते. आता त्यात एक दुरुस्ती करणे भाग होते, आणि करायची इच्छा मात्र होत नव्हती.

छाटणारा शब्दाला जागला. दुसऱ्या सकाळी त्याने फांदीला दोरी बांधली आणि ती तुकड्या-तुकड्याने, छपराला धक्का न लावता परसात उतरवली. वाळक्या शेंगा सगळीकडे विखुरल्या आणि एकदाच्या गप्प झाल्या. चिरेच्या आत लाकूड पोकळ झाले होते, त्यात मुंग्यांचे घर होते. कौल बदलले. खाट पुन्हा खिडकीशी आली. ऊन अर्थात आले नाही. तिथे येण्यासारखे ते नव्हतेच. पण जिथे फांदी होती तिथे आता आभाळाचा मोठा तुकडा होता आणि खोलीची भिंत पांढरी आहे हे प्रथमच नीट दिसत होते.

हेडबाई चहा घेऊन दारात उभी राहिली. हा चहा आणून द्यायचे काम नवऱ्यानंतर तिच्याकडे आले होते, पण ती कप ठेवून निघून जाई, काही विचारत नसे.

"वन्सं," ती म्हणाली, "ऊन आलं का?"

वन्संनी तिच्याकडे पाहिले. मग खिडकीकडे पाहिले.

"आलं," त्या म्हणाल्या. "साखर विसरलीस तू."

संध्याकाळी तिने टेबलाशी बसून तारीख घातली, समास सोडला आणि लिहिले: फांदी उतरवली. लाकूड परसात रचून ठेवले, वरून ताडपत्री. एक कौल नवे. पूर्वेच्या खोलीतला बल्ब गेला होता, बदलला.