म्हात्रे मॅडमचं मेण

"चला, आता रिपोर्ट तरी वेळेवर निघतील," मी चहाचा कप उचलत असताना मागे कुणीतरी हळूच म्हणालं. म्हात्रे मॅडमच्या फोटोवरचा हार अजून ओला होता. आमच्या पनवेलच्या छोट्या टेस्टिंग लॅबमधली ती शोकसभा. मॅडम गव्हाणच्या घरी झोपेतच गेल्या होत्या. भाषणात इथले प्रमुख असलेले सर त्यांना लॅबचा कणा म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी होते... त्यालाही आता काही आठवडे झाले.

मी करंजाड्याहून इथे नोकरीला आले, तेव्हा मॅडमनी माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. नमुन्यापुढे मी 'सॅटिस्फॅक्टरी' लिहिलं की विचारायच्या, म्हणजे काय? मेण पिवळं पडलं की नाही? "जे दिसलं ते आधी मराठीत सांग. इंग्रजीत तू लपतेस." मला राग यायचा. त्यांच्या जिभेला धार होती आणि ती त्या लपवत नसत. डब्याला त्यांच्या टेबलावर सहसा कुणी बसत नसे. मीही टाळायचे.

आमच्याकडे कारखान्यांतून मेणाचे नमुने येतात. ते किती तापमानाला उकळतं, किती उष्णता सोसतं, हे आम्ही तपासून द्यायचं. एकदा तापवून गार केलेलं मेण मॅडम पुन्हा तापवायला लावत. दुसऱ्या खेपेला ते आधीपेक्षा लवकर वितळलं, तर आतून बिघडलंय असं समजायचं. "पहिल्यांदा सगळेच चांगले वागतात," त्या म्हणायच्या. या दुसऱ्या खेपेपायी रिपोर्टला उशीर व्हायचा आणि सर चिडायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक नमुना आला. तापवताना आधी पिवळा, मग तपकिरी झाला, घशाला झोंबणारा धूर आला आणि बुडबुडे दिसू लागले. सर खूश झाले. बुडबुडे आले म्हणजे उकळलं, त्याच तापमानाचा आकडा टाका, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, हे उकळणं नव्हे, मेण तुटून त्यातून वायू सुटतोय. उकळण्याआधीच विघटन होतं, एवढंच आपण लिहू शकतो. ग्राहकाला मात्र रिपोर्टच्या चौकटीत आकडा हवा होता. त्या आकड्याच्या भरवशावर त्यांच्या कारखान्यात कुणीतरी भट्टीसमोर उभं राहणार होतं, हे मॅडमनी सांगून पाहिलं. "जरा अ‍ॅडजस्ट करा हो," सर म्हणाले. मॅडमनी केलं नाही. मग त्यांचं टेबल नमुने ठेवायच्या खोलीत, ओव्हनशेजारी गेलं. तिथे पंखासुद्धा धड चालत नाही. अख्खा उन्हाळा त्यांनी तिथे काढला... त्यामुळेच त्या गेल्या असं मी म्हणत नाही. पण त्या खोलीत जाऊन त्यांची चौकशी करणारं कुणी नव्हतं, हे मी पाहिलंय.

शोकसभेनंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच मेणाचा अडून राहिलेला रिपोर्ट समोर ठेवला. चौकटीत आकडा होता, आणि तपासणाऱ्याच्या जागी मॅडमचं नाव. पडताळणीची सही तेवढी माझी हवी होती. गेलेल्या माणसाला विचारायला कोण येतंय, असं ते सहज म्हणाले. तेवढ्यात मॅडमचे धाकटे भाऊ आत आले. बहिणीचा डबा आणि पांढरा कोट न्यायला ते गव्हाणहून आले होते. पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसले आणि मला म्हणाले, "आमची ताई हितं नक्की काय करायची? आमाला कदी नीट सांगितलंच नाय तिनं."

उत्तर सरांनीच दिलं. मॅडम मेणाचा बॉइलिंग पॉइंट काढायच्या, हा बघा त्यांचा शेवटचा रिपोर्ट. भावाने कागद जवळ ओढला, बहिणीच्या नावावरून बोट फिरवलं आणि ते पहिल्यांदाच हसले. हा कागद घरी न्यायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. सर लगेच हो म्हणाले आणि माझ्यापुढे पेन सरकवलं.

पेन मी परत सरांकडे सरकवलं. मग भावाकडे वळले.

"दादा, हे तुमच्या ताईंचं नाही. हे मेण उकळतच नाही, त्याआधीच तुटतं. मॅडमनी ते सरांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यांच्या नावावर हा आकडा मी जाऊ देणार नाही."