न शिजणारी डाळ

शहाण्णवच्या एप्रिलात कोपरखैरण्याच्या एका सोसायटीत बोअरिंग खोदली, आणि महिन्याभरात सबिहाच्या घरची डाळ शिजेनाशी झाली. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टणकच. सासरे हारुनचाचा दात पडलेले. दोन घास चघळून मुकाट्यानं ताट सारायचे. ते काही बोलत नसत, हेच तिला जास्त लागायचं.

सासू शमीम मात्र बोलायची. "गावी म्हसळ्याला चुलीवर लोणी व्हायची डाळ. तुझ्याच हाताला काय झालंय?"

सबिहानं वाणी बदलला, कुकरचं रबर बदललं. साबणाला फेस येईना, पातेल्यांवर पांढरी पुटं चढली, केस काथ्यासारखे झाले. तिला एका जागी बसवेना. दुपारी घर लवंडलं की ती नळाखाली वाटी धरायची, पाणी चाखायची, ओतायची, पुन्हा धरायची. नवरा नौमान तळोज्याच्या कामावरून दमून यायचा. "टेन्शन नको घेऊ," म्हणायचा आणि आडवा व्हायचा.

ती पाण्याचं विचारायला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, श्यामसुंदरकडे, तीनदा गेली. "भाभी, बोअरचं पाणी फक्त संडासाला," तो दर वेळी म्हणाला.

गावठाणातली गिरजाबाई दारावर मासळी घेऊन यायची. एकदा तिनं सबिहाच्या नळाखाली हात धुतले आणि बोटं एकमेकांवर चोळली. "बाय, यो बोअरचा पानी हाय. साबन धरतच नाय. आमचे बावीचा नेऊन बघ."

सबिहा तशीच तिच्यामागून निघाली, विहिरीवरून कळशी भरून आणली. त्या पाण्यात मूठभर डाळ लावून बघितली, ती तीन शिट्ट्यांत विरघळली. ओट्याला टेकून ती बघत राहिली. इतके दिवस तिनं स्वतःच्या हातांना दोष दिला होता.

रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. तिनं दोन डबे मधोमध ठेवले. "डाळ एकच, कुकर एकच. यात टाकीचं पाणी, यात विहिरीचं. खाऊन बघा."

कोणी पुढे होईना. तेवढ्यात हारुनचाचा तीन जिने चढून धापा टाकत आले. त्यांनी पहिल्या डब्यातला दाणा तोंडात घालून काढून टाकला, मग दुसऱ्यातली डाळ चमच्यानं संपवली. "आज दोन महिन्यांनी पोट भरलं," ते म्हणाले.

श्यामसुंदरनं मान खाली घातली. "टाकी भरत नव्हती. वरचे मजले बोंबलायचे, म्हणून बोअरचा व्हॉल्व्ह पिण्याच्या टाकीत उघडला."

"मग सांगायचं होतं! आम्ही बायका स्वतःलाच शिव्या देत होतो," सबिहा म्हणाली.

बोअरची लाइन त्याच आठवड्यात तोडून संडासाकडे वळवली. आता नळाला पाणी सकाळी दोनच तास येऊ लागलं. चौथ्या मजल्यावरच्या बायका जिन्यात तिच्याशी बोलेनाशा झाल्या. शमीमनं चूक कबूल केली नाही, पण सकाळी पाइप धरून सुनेशेजारी उभी राहू लागली. आणि सबिहा एक हंडा भरेपर्यंत दुसऱ्याचं झाकण काढून ठेवायची, धार कधी बारीक होते याकडे कान लावून.