बटाट्यातला दिवा

परवा नातीने शिवणाच्या दोऱ्याचं टोक काडीने जाळलं आणि त्या करपट वासाने मी थेट कोल्हारच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. आई कापसाच्या वाती वळत होती. तिच्या शेजारी आमच्या गावातले परदेशी ज्यू डॉक्टर आणि त्यांची बहीण बसले होते. बहीण नाझींच्या छळछावणीतून वाचून आली होती. वाती बघता बघता तिने आपल्या झग्याच्या काठातून दोरे उपसले आणि त्यांना पीळ दिला.

आई म्हणाली, "अवं, कापूस लई हाय की!"

बहीण हळू आवाजात जर्मनमध्ये काही बोलली. डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "छावणीत तिची वात अशीच असायची. आमच्यात दर शुक्रवारी सांजेला दिवा लावतात. तिथं बंदी होती, सापडलं तर जीव जायचा. बायका बटाटा कोरायच्या आणि पावाबरोबर मिळणारी चमचाभर चरबी त्यात जाळायच्या."

"मंग खायच्या काय?"

"कोरडा पाव."

आई उठली. मग आत जाऊन तिने बटाटा कोरून आणला, त्यात आमचं तूप घातलं. बहिणीने वात लावली. ती तडतडली, धुरकटली आणि पेटली. देवापुढचा दिवा अजून लागायचा होता, पण आईने डोक्यावर पदर घेऊन आधी त्या बटाट्याला हात जोडले.

तेव्हा मला बटाट्याचं नवल वाटलं होतं. आज त्या चमचाभर चरबीचं वाटतं. जन्मभर रोज सांजवात लावत आले मी, पण तोंडचा घास जाळून एकदाही नाही.