उरलेल्या सुताचं व्याज

रामाजी नंदनवन वस्तीतल्या घरी हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडले, तसे ते मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे केबल ओढू लागले. आता सत्तरी उलटली, तरी दुसऱ्याने मारलेली गाठ स्वतः ओढून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

सून कामिनीला मिरची कांडपाची मशीन घ्यायची होती. साठ हजारांचं कर्ज, मुदत दोन वर्षं. बँक चौदा टक्के सांगत होती, हुडकेश्वरची एक फायनान्स कंपनी बारा. कंपनीचा अंकित कागद घेऊन घरी आला. कामिनीने सहीसाठी पेन उघडलं.

"थांब वं," रामाजी म्हणाले. "हप्ता किती गा, अंकित?"

"एकतीसशे, बाबाजी. फ्लॅट रेट. सीधा हिशोब."

"अन् बँकेचा?"

"अठ्ठावीसशे एक्याऐंशी," कामिनी म्हणाली. "पण तिथं टक्के जास्त हायेत ना, बाबाजी."

टक्के जास्त आणि हप्ता कमी? रामाजींनी चष्मा पुसला. पूर्वी शेटजी त्यांना सूत तोलून द्यायचा. विणलेलं लुगडं नेलं की ते काट्यावर चढायचं आणि तेवढं वजन रामाजींच्या नावावरून उतरायचं. देणं फक्त घरी उरलेल्या सुताचं.

"वर्षभर हप्ते भरले, तर तुहं किती सूत माह्या घरी राहिलं?"

"सूत?"

"मुद्दल गा!"

"अर्धं. तीस हजार."

"मंग दुसऱ्या वर्षी व्याज कितीवर?"

अंकितने कान खाजवला. "साठावरच. फ्लॅट म्हणजे तसंच राहते."

"म्हणजे मी लुगडे आणून देऊन राहिलो, अन् तू काट्यावर ठेवूनच नाही राहिला!"

कामिनी खळखळून हसली आणि पेन बंद केलं. बँक व्याज लावणार होती ते उरलेल्या मुद्दलावर; चौदा टक्के असूनही पाच हजारांवर वाचत होते.

"बाबाजी, आमच्या बाकी गिऱ्हाइकांले भेटू नका बरं," चहा संपवत अंकित म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बँकेत साहेबांनी जामीनदार मागितला. रामाजी पुढे सरकले.

"काका, समजून सही करा. सुनेने हप्ता नाही भरला, तर तुम्हाला भरावा लागेल."

"भरीन. पण मंग मशीन मी चालवीन, अन् सून घरी बसून माह्या शिंका मोजंल."

"बसते का मी!" कामिनी म्हणाली. रामाजींनी चारही पानं वाचली, मगच सही केली. मागे रांग दारापर्यंत गेली होती.