मावशीचा गट

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो रोज साडेचारला. शाळेच्या टेनिस कोर्टावर तिचा गट अलीकडे, धाकट्या बहिणीचा पलीकडे, आणि हसण्याचा आवाज नेमका पलीकडूनच यायचा.

बारा वर्षं ती पहिली ते चौथीच्या पोरांना टेनिस शिकवत होती. व्हॉलीसाठी तिची पद्धत एकच. कुंपणाला पाठ लावून उभं राहायचं. रॅकेट मागे नेली की कुंपणावर आपटते, मग टप्पा पडायच्या आत चेंडू नुसता अडवायची सवय लागते. पद्धत चोख, पण पोरं जांभया देत. धाकटीला इथे चिकटवलं तिनेच, मुख्याध्यापिकेकडे शब्द टाकून. आणि ही बया आली ती पोरांना रॅकेटच देईना! हाताने झेला म्हणे, खडूच्या चौकोनांत पळा म्हणे, कोर्टावर मोकळी जागा कुठे दिसते ते ओरडून सांगा म्हणे.

"शिकवतेयस की वाढदिवस करतेयस?" थोरलीने एकदा विचारलं. धाकटी नुसती हसली. तेच जास्त झोंबलं.

हेही तिने गिळलं असतं. पण तिची स्वतःची लेक, तिसरीतली, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "आई, मी मावशीच्या गटात जाऊ?"

थोरलीने नाडी तिच्या हातातून घेतली आणि करकचून बांधली. "शनिवारी दोन्ही गटांची मॅच आहे ना? हरलात तर जा. जिंकलात तर हा विषय बंद."

शनिवारी जोडीची मॅच झाली, आधी चार गेम घेईल त्याची. तीन-तीन झालं. लेकीची व्हॉली देखणी, पण ती जागची हलेना. जागा सोडायची नाही हे आईनेच शिकवलेलं. पलीकडच्या दोघी बरोबर मोकळ्या जागी चेंडू टाकत होत्या. त्यातली एक होती चष्मेवाली. धाकटी मागे घरी म्हणाली होती, "ताई, तिला अंगावर आलेल्या चेंडूची फार भीती गं. महिना झाला, मऊ चेंडूने हळूहळू घालवतेय. कुणाला सांगू नकोस."

पोरी पाणी प्यायला आल्या. थोरलीने लेकीला जवळ ओढलं. "चष्मेवालीच्या छातीवर मार. प्रत्येक चेंडू."

"ती घाबरते, आई."

"म्हणूनच."

लेकीने एकदा मावशीकडे पाहिलं आणि सांगितलं तसं केलं. चार चेंडूंत गेम संपला, मॅच लेकीच्या जोडीने जिंकली. चष्मेवाली डोळे मिटून, रॅकेट पोटाशी धरून उभी होती. मग तिने भोकाड पसरलं.

धाकटी धावत आली. तिने चष्मेवालीला बाकावर बसवलं. लेकही तिथेच जाऊन तिच्या शेजारी बसली.

थोरलीने चेंडू गोळा केले, पिशवी भरली, वाट पाहिली. शेवटी म्हणाली, "चल बाळा, घरी जाऊ."

लेकीने मान वर केली नाही. "तू हो पुढे. मी मावशीबरोबर येते."