तलावाकाठचा मातीचा कोट

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात उपग्रहचित्रं वाचण्याची नोकरी करत होते. सिंदेवाहीच्या पलीकडे, एका जुन्या तलावाशेजारी, मला एका चित्रात फिकट गोल दिसला. निसर्ग इतकं गोल काही करत नाही. पुरातत्त्व जाणणाऱ्या एका वयस्क सहकाऱ्यांना घेऊन मी जीपनं तिथे गेले.

तो मातीचा कोट निघाला. दोन पुरुष उंच, बाहेर बुजलेला खंदक, वर पळस आणि बोराटी. तलावात मासे धरणारा एक ढीवर आम्हाला वर घेऊन गेला. पावसानं धुतलेल्या उतारावर काळ्या-तांबड्या खापऱ्या विखुरल्या होत्या. सहकाऱ्यांनी एक पुसून त्याच्या हातात ठेवली. "दोन हजार वर्षं तरी जुनी असेल."

त्यानं ती बराच वेळ सोडली नाही. "म्हंजे आमच्या आधीबी इथी कोनी मासे रांधून राह्यले होते?"

दक्षिणेला मात्र कोट कापलेला होता. रस्त्याच्या कामाला तिथली माती जात होती. कोट वाचवावा म्हणून आम्ही पुरातत्त्व खात्याला नकाशासह अहवाल पाठवला. निघताना मी ढीवराला म्हटलं, "काळजी करू नका भाऊ. आता वरून आमचं लक्ष राहील." मी ते मनापासून बोलले होते.

उत्तर आलं नाही. पुढच्या हिवाळ्यातल्या चित्रात गोलाचा एक तुकडा गेला होता. पुन्हा लिहिलं. जिल्ह्याला विचारलं की प्रकरण वर गेलंय म्हणायचे. वर विचारलं की खाली आहे. सहकारी निवृत्त झाले, मग वारले. रस्त्यानंतर वीटभट्ट्यांनाही तिथूनच माती जाऊ लागली. दरम्यान नवे उपग्रह आले आणि चित्रं स्वच्छ होत गेली. आधी नुसती खाच दिसायची. आता तिच्यात उभे ट्रॅक्टरही दिसत. मी टेबलाशी बसून ते पाहायची, आणि पाहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

शेवटी न राहवून मी गावात गेले. ढीवर घराच्या ओसरीवर बसला होता. उजवा हात वाकडा जुळलेला. तो ट्रॅक्टरपुढे आडवा झाला होता, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी मारलं, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. त्या हातानं जाळं फेकता येत नव्हतं.

"गाव मधात पडलं नाही?" मी विचारलं.

"गावाले रस्ता पायजे होता, बाई," ती म्हणाली. "पोरगी बाळंतपनात अडली तं खाटेवर न्या लागे. कोनाले दोष द्यावा?"

ढीवरानं वाकडा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "वरून दिसते म्हनत होत्या ना तुमी?"

"दिसतं."

"मंग मले मारलं, थेबी दिसलं असन."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तलावाकडे गेले. कोटाच्या जागी भातशेतीच्या सपाट बांध्या होत्या, त्यांत धानाची धसकटं. एकही खापरी सापडली नाही. परतताना ड्रायव्हर म्हणाला, "रोड मात्र मस्त झाला, बाई."

खरंच झाला होता.