कोऱ्या चहाच्या रंगाचा दात

अनाएली म्बिसे माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायचा नाही, तोंडात बघून बोलायचा. चर्चमध्ये पाद्री नरकाचं वर्णन करत असले, तरी याचं सगळं लक्ष पाद्रींच्या डाव्या सुळ्यावर. नवीन सून पाया पडायला आली की सासू नाव सांगायच्या आत याने तिच्या पुढच्या दोन दातांचा निकाल लावलेला असायचा. लोक चेष्टा करायचे. त्याचं त्याला काहीच वाटायचं नाही.

अरुशाच्या बाजारामागे एक दातांचा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या खोलीत तो दात बनवायचा. पुढे डॉक्टर माणसांच्या तोंडात काम करायचे आणि मागे भट्टीपाशी हा. मेटलवर चढवलेली पोर्सेलिन, नुसती पोर्सेलिन, पुढे झिरकोनिया आला तोही. चावायच्या दाढेला काय आणि हसताना दिसणाऱ्या दाताला काय, हे डॉक्टरही त्यालाच विचारून ठरवायचे. सगळे त्याला फुंडी म्हणत. आमच्याकडे मोटार दुरुस्त करणाराही फुंडी आणि दात करणाराही फुंडीच.

आता आमचे दात म्हणजे तपकिरी. मेरू डोंगरावरून येणाऱ्या पाण्यातच ते आहे. आमच्या एका नदीचं नाव 'चहाचं पाणी', यावरून काय ते समजा. लहानपणी ज्याने ते पाणी प्यायलं, त्याचे दात जन्मभर तसेच राहतात. कुणाचे फिके, कुणाचे गडद, कुणाचे वर पांढरे शिंतोडे उडाल्यासारखे. कंपनीकडून दातांच्या रंगांच्या नमुन्यांचा जुडगा यायचा, त्यात दुधापासून लोण्यापर्यंत सगळं होतं, पण आमचा रंग नव्हता. म्हणून अनाएलीने रंग कालवून, भट्टीत भाजून स्वतःचे नमुने केले आणि त्यांना नावं दिली. दुधाचा चहा, कमी दुधाचा चहा, कोरा चहा, आणि सगळ्यांत गडद तो सकाळचा उरलेला चहा. बायका खुर्चीत बसून म्हणायच्या, "फुंडी, मला दुधाचा दे. नवऱ्याने विचारलं तर सांगीन, राखेने घासते."

तो द्यायचा नाही. शेजारचे दात कोऱ्या चहाचे असतील तर नवा दातही कोऱ्या चहाचाच. खोटा दात शेजाऱ्यांत मिसळून गेला पाहिजे, तो कुणाला दिसला की फुंडी मेला, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणाचं काम त्याला कधी आवडल्याचं ऐकिवात नाही. कुणी नैरोबीहून दात करून आला की हा त्याचं तोंड उघडून बघायचा आणि म्हणायचा, "न्हाणीघरात फरशी बसवलीय."

त्याला एकच मुलगा, झेफानिया. सगळे त्याला झेफा म्हणायचे, आणि त्याच्यावरून आईला मामा झेफा, बापाला बाबा झेफा. फुटबॉल खेळताना कुणाची तरी टाच लागून त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला, तेव्हा तो शाळेत होता. डॉक्टर म्हणाले, ब्रिज करू, म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने मधला बसवू. अनाएली उसळलाच. "माझ्या पोराचे चांगले दात घासायचे? का म्हणून?" जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत त्याने झेफाला काढता-घालता येणारा दात दिला आणि वाढ झाल्यावर हाडात इम्प्लांट बसवायला लावलं. त्यावरचा दात सिमेंटने चिकटवणं सोपं होतं. अनाएलीने तो स्क्रूने बसवला. मागच्या बाजूला स्क्रूसाठी भोक पाडावं लागतं, काम किचकट होतं, पण उद्या काही झालं तर दात न फोडता काढता येतो. एवढा विचार त्याने दुसऱ्या कुठल्या दाताचा केला नसेल.

रंगावरून मात्र घरात वाजलं. झेफाला दार-एस-सलामला, आम्ही नुसतं 'दार' म्हणतो त्या शहरात, हॉटेलात नोकरी करायची होती.

"बाबा, तो पांढरा करा," तो म्हणाला. "मग पैसे साठवून बाकीचे पण वरून पांढरे करून घेईन."

"आणि तोवर? तपकिरी तोंडात एक पांढरा? दिवा लावून फिरणारेस का?"

"तिकडचे लोक माझ्या तोंडाकडे बघतात, बाबा. वाटतं यांना, मी दात घासत नाही."

"मग त्यांना सांग, मेरूचा आहे म्हणून. लाज वाटते?"

"हो, वाटते," झेफा म्हणाला.

अनाएलीने दात कोऱ्या चहाच्या रंगाचा केला. जुना दात किंचित आत वळलेला होता, हाही तसाच वळवला, टोकाशी पांढरा शिंतोडासुद्धा ठेवला. त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यांत सुंदर काम. झेफाने आरशात पाहिलं, "छान झालाय," म्हणाला, आणि आठवडा संपायच्या आत दारला निघून गेला. आई न्देशी बस सुटेपर्यंत खिडकीला हात लावून उभी होती. बाप भट्टीपाशी होता.

पुढे फोन यायचे ते आईला. हॉटेलात काम मिळालं, मग त्याच हॉटेलवाल्यांच्या बेटावरच्या हॉटेलात, अधूनमधून बोटीने ये-जा. बापाशी बोलणं म्हणजे "बरा आहेस ना?" आणि "हो, बाबा." नाताळच्या आधी मात्र त्याने बापालाच फोन केला. "बाबा, सणाला येतोय. तुम्हाला एक दाखवायचंय. चिडू नका." अनाएली म्हणाला, "ये, मग बघू." फोन ठेवल्यावर दिवसभर तो स्वतःशी गुणगुणत होता.

झेफा आला नाही, त्याचा फोनही बंद झाला. मग बातमी आली, बेटाकडून येणारी एक लाकडी होडी वादळात उलटली. होडीत कोण कोण होतं, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. हॉटेलातला एक जण म्हणाला, झेफा त्या होडीत चढला असावा. दुसरा म्हणाला, तो आधीच रजेवर गेला होता.

अनाएली मेहुण्याला, ओबेदीला, घेऊन दारला गेला. मेहुणे म्हणून दोघं एकमेकांना शेमेजी म्हणत. शवागारात ओळख न पटलेलं एकच प्रेत उरलं होतं, आणि तेही फार दिवस पाण्यात राहिलेलं. ओबेदी तोंडाला रुमाल लावून दारातच थांबला. त्याच्याने पुढे पाऊल टाकवेना.

शवागारातल्या माणसाने चादर तोंडापुरती खाली केली. चेहऱ्यात चेहरा उरला नव्हता. पण वरचा ओठ आकसून वर गेला होता आणि दात दिसत होते. पांढरे. समोरचे सगळे एकसारखे, सरळ रेषेत कापल्यासारखे, कुठे छटा नाही, कुठे वळण नाही. खालचा ओठ सुजून खालच्या दातांवर चढला होता. ते दिसत नव्हते.

आणि त्या जागी, त्या वासात, अनाएलीच्या मनात पहिला विचार काय आला असेल? फरशी बसवलीय. स्वस्तातला झिरकोनिया, आणि करणाऱ्याला डोळे नाहीत. दुसरा विचार आला तेव्हा त्याला आनंदच झाला.

"हा आमचा नाही," तो म्हणाला.

"नीट बघा, मझे. उंची, वय, सगळं जुळतंय," तो माणूस वडीलधाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला.

"बाळा, मी दातांचा फुंडी आहे. माझ्या पोराचा दात मी केलाय. त्याच्या तोंडात दुसऱ्याचं काम असणार नाही."

दारातून ओबेदी म्हणाला, "शेमेजी, पायाचा अंगठा तरी बघा. लहानपणी कुदळ लागलेली त्याला."

"कशाला? पांढरे दात आहेत. तपकिरी नाहीत."

खालचा ओठ एका बोटाने खाली ओढला असता तर पुरे होतं. एका बोटाने. पण त्याला तिथून पळायचं होतं, चांगली बातमी घेऊन पळायचं होतं, आणि मी म्हणतो, कुठला बाप पळाला नसता? बाहेर येऊन त्याने न्देशीला फोन केला आणि रस्त्यात उभा राहून रडला. त्या बेवारस मुलासाठीही त्याने प्रार्थना केली. कुणाचा तरी असेल बिचारा, म्हणाला.

गावी बकरं कापलं. चर्चमध्ये उपकारप्रार्थना झाली. मग झेफा कुठे आहे, याचं उत्तर सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. एखाद्या मुलीबरोबर गेला असेल, लाजेने फोन करत नसेल. न्देशी रागावल्याचं सोंग करायची. "येऊ दे, बघते त्याला," म्हणायची, आणि रोज लोशोरोचा, मका आणि आंबट दुधाच्या पेजेचा, एक वाडगा जास्त काढून झाकून ठेवायची. संध्याकाळी तो कोंबड्यांना जायचा.

पावसाळा येऊन गेला. केळीच्या बागेतली वाट वाळली तेव्हा एक मुलगी विचारत विचारत आली. किनाऱ्याकडची, डोक्यावरून कांगा घेतलेली, चेहरा रागाने आणि प्रवासाने उतरलेला. अंगणात अनाएली आणि न्देशी कॉफीच्या बिया निवडत बसले होते.

"शिकामू," तिने वाकून नमस्कार केला. "मी साउदा. दारहून आले. झेफाला बोलवा. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत, मग जाते मी."

न्देशी उठलीच. हसत होती. "अगं, म्हणजे तूच ती! तो कुठाय? बाहेर थांबलाय का? भ्यायलाय मेला."

साउदा तिच्याकडे बघत राहिली. "तो इथं आलाय ना? नाताळला?"

"तुझ्याबरोबर आहे ना तो?"

निवडलेल्या बिया अनाएलीच्या मांडीवरून घरंगळल्या.

साउदाने सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. तिची आई आजारी म्हणून ती लिंडीला गेली होती. झेफा म्हणाला होता, बेटावरून आलो की थेट घरी जातो, बाबांना भेटून तुझं सांगतो. मग फोन बंद. तिला वाटलं, घरच्यांनी नाही म्हटलं आणि हा गप्प बसला. इतके महिने ती रागाने जळत होती. त्याचं सामान तिच्याकडे होतं, ते तोंडावर फेकायला आली होती.

"त्यानं दात करून घेतले होते," ती म्हणाली. "जायच्या थोडे दिवस आधी. दारमध्ये एक स्वस्त दवाखाना आहे तिथं. सारखा आरशात बघायचा." तिने फोन पुढे केला. फोटोत झेफा हसत होता. पूर्ण तोंड उघडून हसत होता, जसा तो या घरात कधीच हसला नव्हता. वरचे दात पांढरे, एकसारखे, सरळ. खालचे मात्र तपकिरी.

"खालचे तसेच ठेवले," साउदा म्हणाली. "मी म्हटलं, असं अर्धवट काय? तर म्हणाला, खालचे बाबा करतील. वरचे बघून आधी खूप शिव्या देतील. मग म्हणतील, आण इकडे, हे काय काम आहे का? मी करतो. मला ठाऊकाय त्यांचं." तिने पिशवीतून एक छोटी डबी काढली. "आणि हा त्यानं जपून ठेवला होता. डॉक्टर टाकून देत होता. हा म्हणाला, फोडू नका, स्क्रू आहे मागं, नीट निघतो. माझ्या बाबांनी केलाय."

डबीत कापसावर दात होता. कोऱ्या चहाच्या रंगाचा, किंचित वळलेला, टोकाशी पांढरा शिंतोडा. अनाएलीने तो उचलून तळहातावर घेतला. जे त्याला त्या शवागारात कळायला हवं होतं, ते आत्ता कळलं, आणि ते सगळं एकदम कळलं.

न्देशीने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"बाबा झेफा," ती म्हणाली, "तुम्ही त्याला हात लावला होता का?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"नाही, मामा झेफा."

ती साउदाला जवळ घेऊन घरात गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी भांडली नाही, त्याला दोषही दिला नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. अनाएलीने भट्टी विझवली. डॉक्टर दोनदा बोलवायला आले, पण तो गेला नाही. दुसऱ्याचं काम बघून नाक मुरडणारा तो माणूस कुणाच्या तोंडाकडे बघेनासा झाला.

मग तो ओबेदीला घेऊन पुन्हा दारला गेला. ज्यांना कुणी ओळखलं नाही, त्यांना शहराबाहेरच्या मातीत एका ओळीत पुरलं होतं. कबरीवर नाव नाही, नुसती फळी. कुठली फळी कुणाची हे ठरवायला शवागाराच्या नोंदींशी खुणा जुळवायला हव्यात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. वयस्कर होत्या, आवाज मऊ होता.

"खूण काय सांगता, मझे?"

ओबेदी म्हणाला, "उजव्या पायाचा अंगठा. कुदळीचा वण आहे."

बाईंनी कागद चाळले. "पाण्यातल्या माणसाचं असलं काही टिकत नाही, बाबा. आणखी काही?"

ओबेदीने शेमेजीकडे पाहिलं. अनाएलीने खिशात हात घातला होता आणि मुठीत काहीतरी घट्ट धरलं होतं.

"वरचे दात पांढरे आहेत," तो म्हणाला. "अगदी पांढरे. नवीन केलेले. काम चांगलं आहे, कुणाच्याही लक्षात राहील असं." मग म्हणाला, "खालचे करायचे राहिलेत. ते काम माझ्याकडे होतं."